पाकातली पुरी, कोरडी बोटं

मैदानावर बांबू पडले की मुलुंडला थंडी पडते. लोक म्हणतात उलटं असतं, आधी थंडी पडते, मग नाटकांचा हंगाम येतो आणि मग बांबू. म्हणू देत. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आदल्या दिवशी सगळी वाडी बनियनवर बसून पेपराने वारा घेत असते. दुसऱ्या दिवशी मांडववाल्या जेठाभाईंचा खटारा येतो, बांबू धडाधड खाली पडतात आणि संध्याकाळी शेजारचे नाना मफलर गुंडाळून ओट्यावर हजर. "हवेत गारवा आलाय हो!" गारवा कसला नाना, बांबू आलेत.

मी आता सांताक्रूझला राहतो. तिथे थंडी कधी येते, कधी जाते काही कळत नाही. विमानं तेवढी येतात-जातात. काल रविवार म्हणून मावशीकडे मुलुंडला गेलो, तर मैदानावर बांबू पडलेले. ओल्या काथ्याचा वास, बांबूचा वास, आणि त्यांच्या मागून कुठूनतरी वेलचीच्या पाकाचा वास. तो नाकात शिरला मात्र, माझे दोन्ही हात आपोआप पुढे आले. कुणीतरी हातावर पाणी घालणार असल्यासारखे! भर रस्त्यात, दुपारी, हात पसरून उभा. समोरून एक बाई येत होत्या, त्यांनी मुकाट्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि रस्ता ओलांडला. त्यांची काय चूक? त्यांना काय माहीत माझ्या हातांना काय आठवलं ते.

माझं वय काही आठवणी काढायचं नाही. आठवणी नानांनी काढाव्यात, त्यांना तेवढंच काम आहे. पण तो एक हंगाम काही केल्या डोक्यातून जात नाही.

त्याच्या आदल्याच थंडीत मी देवरुखहून आलो होतो. मॅट्रिक झालेला, नोकरी नाही आणि अंगात गुण एकच, नकला. हेडमास्तरांपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत गावात कुणाला सोडलं नव्हतं. देवरुखला नकला संपल्या म्हणून मुंबईला आलो असं मी लोकांना सांगायचो. मावशी हसायची. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे दामलेकाका, हसायचे नाहीत. त्यांची हसण्याची पद्धत वेगळी होती. पेपर थोडा वर जायचा.

काका भांडुपच्या एका कारखान्यात होते. पुठ्ठ्याची खोकी व्हायची तिथे. साबणाची, बटणांची, कानात घालायच्या औषधाची. खोक्याचं ड्रॉइंग काका काढायचे. घडी कुठे पडेल, जीभ कुठे खोचेल, सगळं पेन्सिलीने. माणूस अतिशय नीटनेटका. जेवताना भातसुद्धा बोटांच्या पहिल्या पेराच्या पुढे जायचा नाही. आमटीभात कालवताना मी काकांकडे बघत राहायचो. वाटायचं, हे भाताचंही ड्रॉइंग काढतायत.

आणि मावशी म्हणजे याच्या अगदी उलट. मावशी म्हणजे पाकातली पुरी.

आंबट दह्यात भिजवलेला रवा, तुपाचं मोहन, पुरी लाटून तिची घडी, घडीवर घडी, झाला त्रिकोण. मंद तळायची आणि केशर-वेलचीच्या पाकात सोडायची. वरून खुसखुशीत, आत पाकाने गच्च. मांडवात नाटक लागलं की मध्यंतरात गेटाजवळ मावशीचं टेबल असायचं. तिथे तिला कुणी 'दामल्यांची मंडळी' म्हणायचं नाही. तिथे ती 'पुरीवाल्या मावशी'. वर्षाचे बाकीचे महिने ती काकांच्या नावाने ओळखली जायची, या थंडीत तेवढी पुरीच्या.

पण पुरी खाऊन झाली की खरी मजा. टेबलाच्या एका अंगाला बादली आणि पितळेचा तांब्या. पुरी खाल्ली की बोटं पाकाने चिकट, मग माणूस हात पुढे करून उभा राहायचा आणि मावशी हातावर पाणी घालायची. धार अशी बारीक की बोटं धुवायला वेळ लागावा. आणि तेवढ्या वेळात माणूस बोलायचा. कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणाचा साहेब बदलला, कुणाची सासू गावाहून आली आणि जायचं नाव घेत नाही. हात धुताना माणूस खोटं बोलत नाही, मी बघितलंय. दोन्ही हात गुंतलेले, कुठे लपणार? एकदा एक नवं लग्न झालेली मुलगी पाणी घेता घेता रडायला लागली. मावशीने काही विचारलं नाही. धार तेवढी आणखी बारीक केली.

घरी आल्यावर मावशी हे सगळं काकांना सांगायची. काका पेपरामागे. "ऐकताय ना?" "हं." ऐकत नाहीत असं वाटायचं, पण मी बघून ठेवलं होतं. मावशी बोलत असेपर्यंत पेपराचं पान उलटायचं नाही.

मात्र टेबलाकडे काका फिरकायचे नाहीत. मध्यंतर झालं की तिसऱ्या रांगेतून उठायचे आणि मांडवाच्या मागच्या बाजूने बाहेर. कारखान्यातले चार लोक नाटकाला असायचे. दामल्यांची बायको टेबल मांडून पुऱ्या विकते, हे त्यांनी बघितलं तर? बघत तर होतेच, खातही होते! पण काकांचं आपलं, आपण तिथे नसलो म्हणजे ते तिथे नाही.

तर त्या वर्षी बांबू पडले आणि चिटणीस बापट घरी आले.

बापट म्हणजे नाट्यमंडळाचे चिटणीस. खिशात दोन रुमाल, एक वापरायचा आणि एक दाखवायचा. बसले, चहा घेतला, कप बशीत बरोबर मधोमध ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, यंदा मध्यंतरात गोड नको असं ठरलंय कमिटीत. फक्त चहा."

मावशी हसली. तिला वाटलं चेष्टा आहे.

चेष्टा नव्हती. बादली एक, तांब्या एक, रांग ही एवढी. घंटा झाली की निम्मे लोक न धुतल्या हातानेच आत पळायचे. ते हात मग जेठाभाईंच्या खुर्च्यांना. जेठाभाईंनी बापटांना सांगितलं होतं, "बापटसाहेब, तुमच्या मांडवात माणस बसते तो उठत नाय. ऊठते तो खुर्ची बी संगाती ऊठते. मंग गोदामात एवढी मुंगी! मी खुर्ची देतो, मुंगी नाय देत."

तेवढ्यावर भागलं असतं. पण आदल्या वर्षीच्या शेवटच्या नाटकात आमच्या पेटीवाल्या बाळासाहेबांनी मध्यंतरात पुऱ्या हाणल्या, घंटा झाली, तसेच जाऊन पेटीवर बसले. पुढचा प्रवेश नायिकेच्या बापाच्या मरणाचा. बाळासाहेबांनी करुण सूर धरला आणि पट्टी दबली ती वरच येईना. बाप मेला, सूर चालू. नायिका रडली, सूर चालू. नायिकेचं रडणं संपलं तरी सूर आपला 'ऊंऽऽऽ'. शेवटी मेलेला बाप हळूच एक डोळा उघडून पेटीकडे बघायला लागला. लोक हसले ते पडदा पडेपर्यंत. मी तो प्रसंग एकट्याने करून दाखवतो, बाप, लेक, पेटी सगळं. हुकमी हशा. पण मंडळाची वाट लागली होती, हेही खरं.

"बोटं चिकट होणार नाहीत अशी पुरी करता आली तर बघा," बापट उठता उठता म्हणाले.

"पाकातली पुरी आणि चिकट नाही?" मावशी म्हणाली. "मग तिला पाकात कशाला घालू? कोरडीच घेऊन जा की, दाराला खिळ्याने ठोका."

बापट गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला नाही. आमच्या घरात भांड्यांचा आवाज आला नाही म्हणजे काहीतरी गंभीर. मी बाहेर काकांकडे बघितलं. पेपर होता तिथेच होता. पण उलटा धरला होता हो! मी आयुष्यात काकांना चुकताना पहिल्यांदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी काका कारखान्यातून आले ते बगलेत मेणकागदाची गुंडाळी आणि पातळ पुठ्ठा घेऊन. मला म्हणाले, "वसंतराव, इकडे या. लोक पुरी कशी खातात ते करून दाखवा."

मला वाटलं काकांना ताप आलाय. जन्मात नक्कल कर म्हणाले नव्हते. मी काय, टेबलावरचं पुस्तक हातात घेतलं आणि सुरू.

नाना आधी. नाना पुरी तळहातावर ठेवतात, तिच्याकडे जुन्या मित्रासारखे बघतात, डोळे मिटतात, खातात, आणि हात धोतराच्या मागच्या बाजूला पुसतात. त्यांना वाटतं, मागे कुणाला दिसत नाही. मग बापट. बापट करंगळी अशी लांब काढून धरतात की शेजारच्याच्या डोळ्यात जावी. पुरी संपली की ती एकटी करंगळी स्वच्छ. तीच सगळ्यांना दाखवतात. मग बाळासाहेब, खाता खाता हवेत पेटी वाजवणारे. मग पडदा ओढणारे आमचे गावकर. मालवणकडचे, गिरणीत कामाला. अख्खी पुरी एका दमात तोंडात आणि चार बोटं तोंडाच्या बाहेर, "वयनी, आणखी एक व्हयी." मग चिकट हाताने नमस्कार करायची पाळी आलेला माणूस, त्याला कोपराने करावा लागतो. मग कडेवर पोर असलेली बाई, ती पुसतच नाही, पोराच्या झबल्याला लागतं आपोआप.

काका हसले नाहीत. पण पेपरही नव्हता लपायला, त्यामुळे ओठ जरासे हलले ते मी बघितलं. मग एकदम म्हणाले, "थांबा. परत करा. बापट. हळू."

केले. "नाना करा." केले. "आता शेवटचा घास करा. फक्त शेवटचा."

मी शेवटचा घास केला आणि मलाही दिसलं. पहिल्या घासाला बोटांना फारसं काही होत नाही. नाना असोत नाहीतर बापट, सगळे पुरी खालच्या टोकाला धरतात. पाक सगळा उतरतो त्या टोकाला. शेवटचा घास घेताना बोटं आणि पाक एका जागी येतात, आणि तिथे सगळा घोटाळा.

"म्हणजे भांडण शेवटच्या घासाशी आहे," काका म्हणाले आणि पेन्सिल उचलली.

ते दिवस काय झकास होते यार! घरभर कागदाचे तुकडे. सकाळी कात्रीचा आवाज, संध्याकाळी कात्रीचा आवाज. आधी काकांनी छोटं खोकं केलं, साबणाच्या वडीसारखं. सुबक! पण आतली पुरी बाहेर काढायला बोटं घालावीच लागत होती. मग काडी. पुरीत काडी खुपसून धरायची. पुरीचे दोन तुकडे झाले, एक काडीला आणि एक गावकरांच्या पायावर. मग मेणकागदाचं पाकीट, खळ लावून चिकटवलेलं. ते नानांना दिलं. नाना खूश, मांडीवर पाकीट ठेवून गप्पा मारत बसले. पाकाने खळ सुटली आणि सगळा पाक नानांच्या मांडीवर. नाना म्हणाले, "दामले, बोटं मात्र स्वच्छ राहिली हं!"

मावशी लांबून बघायची. पहिले काही दिवस रागातच होती. एकदा काका तिला म्हणाले, "पुरी जरा लांबट करता येईल का? पट्टीसारखी?"

"नाही."

"का?"

"तुमचं खोकं लांबट म्हणून माझी पुरी लांबट? साबण आहे का तो?"

मला वाटलं भडका उडणार. पण काका पुरीकडे बघत राहिले. त्रिकोणी पुरी. मग त्यांनी पुठ्ठ्याला कोन काढला. पुरी खोक्याच्या मापाची करायचं सोडून खोकं पुरीच्या मापाचं केलं. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या साबणाची खोकी काढली, पण घरातल्या वस्तूचं माप त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं. आणि गंमत म्हणजे माप घ्यायला पुरी हातात धरावी लागली. काकांच्या बोटांना पाक! मी मावशीकडे बघितलं, मावशीने माझ्याकडे बघितलं.

शेवटी जमलं ते असं. आत मेणकागद, बाहेर पातळ पुठ्ठा, खळ कुठेही नाही, नुसत्या घड्या. टोक खाली, तोंड वर. पुरी आत बसली की टोकाशी बोटभर जागा मोकळी, पाक उतरून तिथे साठायचा. आणि ते टोक दोनदा वर दुमडलेलं, म्हणून गळायचा नाही. खात खात खाली आलं की बाहेरूनच टोक चिमटायचं. रायवळ आंबा चोखताना आपण खालून दाबतो ना, तस्सं. शेवटचा घास आपोआप वर. आणि सगळ्यात शेवटी तो साठलेला पाक, एक घोट, थेट तोंडात. बोटं कोरडी!

मावशीने पहिलं पाकीट खाल्लं. चिमटलं, शेवटचा घास वर आला, पाक प्यायली. बोटं उलटी-सुलटी करून बघितली.

"बरं आहे," ती म्हणाली.

काकांच्या घरात 'बरं आहे' म्हणजे सत्कार होता. काकांचे कान लाल झाले.

पहिल्या नाटकाला बापटांनी अट घातली. मध्यंतरानंतर ते स्वतः रुमाल घेऊन खुर्च्या पुसून बघणार, आणि बाळासाहेबांनी पुरी खाऊन पेटी वाजवायची. वाजली तर पुरी राहील, नाहीतर फक्त चहा. मला नाटकाचा पहिला अंक काही आठवत नाही. मी विंगेत प्रॉम्प्टिंगला होतो आणि दोन वाक्यं गाळली, नटांनी सांभाळून घेतलं. मावशी टेबलामागे ताठ उभी. पाकिटं रांगेत, टोकं खाली, एखाद्या शाळेच्या कवायतीसारखी. बाजूला बादली, घासून लखलखीत केलेला तांब्या.

मध्यंतर झालं. लोक आले. गावकरांनी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. "ह्या काय रे? पुरी खंय आसा हेच्यात?" मी दाखवलं. खाल्लं, चिमटलं, प्यायले. डोळे मोठे झाले. "आयशप्पत!"

घंटा झाली. बाळासाहेब पेटीवर बसले आणि वाजवायच्या आधी दहाही बोटं प्रेक्षकांकडे करून दाखवली, जादूगार दाखवतो तशी. टाळ्या! पट्टी दबली, वर आली. दबली, वर आली. इतका गोड सूर मी परत ऐकला नाही. बापट अंधारात रांगारांगांतून वाकून रुमाल फिरवत होते. पडदा पडल्यावर रुमाल झटकला, बघितला, घडी घातली आणि दाखवायच्या खिशात ठेवला. कोरा.

पुरी राहिली. जिंकलो! मी घरी येताना रस्त्यात बापटांची नक्कल केली, जेठाभाईंची केली, मुंगीचीसुद्धा केली. काका शेजारून चालले होते. मावशी थोडी मागे. हातात बादली, बादलीत तांब्या. बादली भरलेली होती, हे माझ्या लक्षात आलं नाही. पाणी डुचमळून तिच्या पायावर पडत होतं, ते ऐकू येत होतं तरी.

घरी काका पेपर घेऊन बसले. मावशी पदर खोचून आवराआवरीला लागली. थोड्या वेळाने पेपरामागून आवाज आला, "आज काय बातमी?"

हे आमच्या घरात कधी विचारलं गेलं नव्हतं. विचारायची गरजच पडली नव्हती.

"काही नाही," मावशी म्हणाली. "सगळे खाऊन गेले."

"आवडली ना?"

"हो. घेतली, खाल्ली, गेले. झकास आहे म्हणाले पाकीट."

पेपराचं पान उलटलं.

पुढच्या नाटकालाही तेच. लोक पाकीट घ्यायचे, खुर्चीवर जाऊन खायचे. रांग नाही, धक्काबुक्की नाही. टेबलापाशी कुणी थांबेना. कशाला थांबतील? मावशी दर वेळी बादली भरायची, तांब्या बुडवून तयार ठेवायची आणि हात पुसत उभी राहायची. ती रडणारी मुलगी आली होती. हसत होती आता, पोट दिसायला लागलं होतं तिचं. पाकीट घेतलं, "छान आहे हं मावशी," म्हणाली आणि गेली. पूर्वी हे पोटाचं मावशीला सगळ्यात आधी कळलं असतं, तिच्या सासूच्याही आधी. आता लांबून दिसलं. मावशी तिच्या पाठीकडे बघत राहिली. मी काहीतरी विनोद केला. चालला नाही. माझा विनोद मावशीपाशी पडतो म्हणजे बघा.

घरात हंगाम असून चिडीचूप. मावशी विकून यायची, जेवायची, निजायची. एका संध्याकाळी मी बघितलं, काकांनी ड्रॉइंग पुन्हा काढलं होतं. पाकिटाचं. पेन्सिल घेऊन एकेक घडी तपासत होते. टोक बरोबर. दुमड बरोबर. पाक गळत नाही. शेवटचा घास वर येतो. सगळं बरोबर असून काहीतरी चुकलंय हे त्यांना कळत होतं, आणि ते चुकलेलं कागदावर कुठे सापडत नव्हतं.

"तुला काय वाटतं रे?" त्यांनी विचारलं. रे म्हणाले, वसंतराव नाही.

मी उठलो, मावशीची नक्कल केली. तांब्या धरलेली मावशी. उजवा हात वाकडा, मान थोडी पुढे, ऐकणारी. धार बारीक. आणि समोर कुणी नाही.

काकांनी पेन्सिल खाली ठेवली.

शेवटच्या नाटकाला मांडव खचाखच. कारखान्यातले लोक सहकुटुंब आले होते, तेही पहिल्या रांगांत. मध्यंतर झालं. मी विंगेतून डोकावलो. काका तिसऱ्या रांगेतून उठले, मागच्या बाजूला वळले, थांबले. आणि गर्दीतून सरळ टेबलाकडे चालत गेले. मी उडी मारून खाली.

मावशीने बघितलं. इतकी वर्षं मांडव बघितला, पण हा माणूस समोरून येताना तिने कधी बघितला नव्हता. मग गिऱ्हाइकाला देतात तसं पाकीट पुढे केलं.

काकांनी पाकीट घेतलं. एकेक घडी उघडली, अगदी नीट, त्यांचीच होती ती. कागद टेबलावर ठेवला. आणि पुरी हातात घेतली. अख्ख्या पंजात! पहिलं पेर, दुसरं पेर, तळवा. पाक मनगटावर आला, शर्टाच्या बाहीकडे निघाला. काका खात होते. लहान पोराने खावी तशी. सगळी वाडी बघत होती, कारखाना बघत होता.

"दामले, अहो," बापट म्हणाले, "पाकीट तुम्हीच काढलंत ना?"

"काढलं. म्हणून काय माझ्यावर सक्ती आहे?"

आणि त्यांनी हात पुढे केला. मान दुसरीकडे, बघत होते मांडवाच्या कापडाकडे, हात जणू यांचा नाहीच. "पाणी घाल."

मावशीने तांब्या बुडवला. धार सुरू झाली. बारीक. काका बोटं चोळत होते.

"बोला," मावशी म्हणाली. "इथे हात धुताना बोलायचं असतं."

काका विचारात पडले. तिला रोज पेपरामागून ऐकणारा माणूस, त्याला काय बोलायचं ते सुचेना. पाणी पडत होतं.

"पुरी चांगली झाल्ये," काका म्हणाले.

"काय?"

"पुरी. चांगली झाल्ये. दर वर्षी होते."

मावशीची धार क्षणभर चुकली, पाणी काकांच्या चपलांवर. तोवर मागून गावकर, पाकीट फाडून पुरी पंजात घेऊन. "वयनी, माकाय पाणी. हात धुवक मिळाक नाय, तर पुरी खाल्ल्यासारख्या वाटतच नाय." त्यांच्यामागे नाना. नानांच्या मागे ती मुलगी, पोट सांभाळत. बापट घड्याळ बघत "पेटीवाले नको, पेटीवाले नको!" ओरडत होते. घंटा दोनदा द्यावी लागली. त्या दिवशी घरी मावशी बोलायला लागली ती थांबेचना, आणि पेपर घडी करून कोपऱ्यात ठेवलेला होता.

तेव्हापासून असंच ठरलं. खुर्चीवर खायचं तर पाकिटातून, टेबलापाशी खायचं तर हाताने. आता मैदानाच्या गेटाशी मावशीचा छोटा गाळा आहे. बाहेर फळीवर पाकिटं रांगेत, टोकं खाली. सांताक्रूझला हाफिसात मी मित्रांसाठी नेतो. खातात, चिमटतात, वा वा करतात, आणि कोरड्या बोटांनी पुन्हा टाइपरायटर बडवायला लागतात. कुणी कुणाला काही सांगत नाही. सोय आहे, नाही कशाला म्हणू? पण माझं मन लागत नाही.

काल मी गाळ्यावर गेलो तेव्हा मावशी पाठमोरी होती, पाक ढवळत. बादली जागेवर, तांब्या जागेवर. मला लहर आली. मी काही न बोलता काका झालो. हात पुढे, मान वळवलेली, नजर मैदानातल्या बांबूंकडे. बोटांना काही लागलेलं नाही, कोरडी ठणठणीत. मावशीने डोळ्याच्या कोपऱ्यातून तेवढा हात बघितला, तांब्या बुडवला आणि घातलं पाणी. बारीक धार. "बोला," म्हणाली.

मी हसलो, आणि पकडलो गेलो.

"मेल्या, तू होय! मला वाटलं हे आले."

"आलोय," मागून आवाज आला. वळून बघतो तर काका. नुकतेच घरून आलेले, बगलेत पेपर, फळीवरची पुरी खाऊन मनगटापर्यंत पाक. "सरक रे वसंता. रांगेत ये. मला आज बरंच बोलायचंय."